एका वेळी एकच घास

"बंद पडलं," बाबा म्हणाले. "तिसरं मशीन."

मुलीने बॅग दारातच ठेवली आणि खुर्ची ओढली. दुपारच्या विमानाने ती लांबच्या नोकरीवर निघाली होती. घरामागच्या खोलीतल्या सहा कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे या मशीनमध्ये, आसपासच्या दवाखान्यांचे एक्स-रे तुकड्या-तुकड्यांनी साठवलेले असत. धंदा बाप-लेकीचा, पण डोकं तिचं. आपण गेल्यावर बाबांना हे झेपलं नाही तर? तसं वाटलं तर तिकीट रद्द करायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. कोणाला सांगितलं मात्र नव्हतं.

"मागे जाऊन बघू का?"

"तू जागची हलू नकोस. मला करू दे."

ती हाताची घडी घालून बसली. गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं.

पडलेल्या मशीनमधल्या प्रत्येक तुकड्याची एक प्रत इतरांकडे होतीच. त्या प्रतीवरून पुन्हा दुसरी प्रत करून ठेवायला उरलेली पाचही मशीन एकदम धावली. असे ढीगभर तुकडे एकाच वेळी उचलले, की मेमरी भरते, आणि ती तुडुंब भरली की तेही मशीन आडवं होतं. मग दोन्ही प्रती जातात, आणि एक्स-रे खरंच जातात. पडद्यावरची मेमरीची रेघ वर चढत होती. तिचा जीव टांगणीला लागला.

"बाबा, पाचवं भरत आलंय."

"दिसतंय. डोळे शाबूत आहेत अजून." कीबोर्डवर दोन बोटांनी टकटक करत ते म्हणाले, "आठ-आठ तुकडे घेतायत लेकाचे. एकेकच घ्या म्हणतो. मावेल एवढाच घास."

"वेळ लागेल."

"लागू दे. मला कुठे विमान गाठायचंय?"

रेघ थबकली. मग हळूहळू उतरू लागली. दुसरं एकही मशीन पडलं नाही. मुलीचे डोळे भरून आले. इतका अभिमान आणि इतकं वाईट तिला एकाच वेळी कधी वाटलं नव्हतं.

"जमतंय की तुम्हाला."

"मग? बाप कोणाचा आहे?"

आई तिला सोडायला टॅक्सीत बसली. वळणावर घर दिसेनासं झालं, तेव्हा मुलीने सुस्कारा सोडला.

"आज मशीन पडलं ते एका परीने बरंच झालं, आई. आता मी निर्धास्त जाते."

आईने तिचा हात हातात घेतला.

"पडलं कसलं? सकाळी त्यांनीच वायर उपटली. म्हणाले, पोरगी तिकीट रद्द करायला टपलीय, डोळ्यांदेखत करून दाखवल्याशिवाय ती काही जायची नाही."