बोटभर खाली

बार्सिलोनातल्या आमच्या कार्यशाळेत घुमटाचा आकार कागदावर काढत नाहीत. छताला साखळ्या टांगायच्या, त्यांना छर्‍यांच्या पिशव्या बांधायच्या. वजनाने जी झोळी पडते, तीच उलटी केली की घुमट.

ही झोळी सोमवारपासून रोज बोटभर खाली येत होती.

“रेमेई, पिशव्या वाढवल्यास का गं?” ब्लाईने शिडीवरून विचारलं.

“हातसुद्धा लावला नाही.”

“मग तुझ्या लेकीसारखी हीसुद्धा बाळसं धरतेय!”

आम्ही हसलो. पिशव्या तेवढ्याच होत्या.

माझी पाच महिन्यांची ओना झोळीखालीच टोपलीत निजली होती. आमच्या डोळ्यांदेखत साखळ्या करकरल्या आणि झोळी आणखी उतरली.

ओना जागी झाली. मी तिला नेहमीच्या जोराने उचललं, आणि माझे हात रिकामे असल्यासारखे वर गेले.

ती मात्र हातांतच होती, माझ्याकडे बघून हसत.