नाव काय तुमचं?

कोर्टाच्या व्हरांड्यात तुळशीराम भिंतीला पाठ लावून बसला होता. गेल्या वर्षी डोहात बुडणाऱ्या एका पोराला त्याने हाताला धरून ओढून काढलं, त्यात पोराचा खांदा निखळला. पोराच्या बापाने त्याच्यावर निष्काळजीपणाचा दावा ठोकला. आजही नुसती पुढची तारीखच पडली.

"रस्त्यावरचा अपघात असता तर प्रश्नच नव्हता," वकीलबाई फाइल बांधत म्हणाल्या. "तिथे मदत करणाऱ्याला कायदा जपतो. त्याला नावसुद्धा सांगावं लागत नाही. डोहासाठी तसं कलम नाही, काका."

जिन्यापाशी पोराचा बाप गाठ पडला. मान वर न करता म्हणाला, "राग मानू नका. डोहाला कुंपण नाही, पाटी नाही, पण ते काम कुणाचं हे कुणी सांगेना. दाव्यात कुणाचं तरी नाव लागतंच. त्या दिवशी पाया पडून विचारलं होतं, म्हणून तुमचंच ठाऊक होतं."

तुळशीराम कठड्याला धरून जिना उतरू लागला.

श्रावणातल्या एका सोमवारी डोहावर पुन्हा आरडाओरडा झाला. बायको नको नको म्हणत असतानाच त्याने सदरा काढून तिच्या हातात दिला. या वेळी एक पोरगी निघाली, धडधाकट. तिच्या आईने त्याचे ओले हात घट्ट धरले. "देवासारखे धावून आलात, दादा. नाव काय तुमचं?"

त्याने हळूच हात सोडवून घेतले.

"देवच राहू द्या, बाई. त्याला तारखेला जावं लागत नाही."