हरणासाठी काडतूस

“मारायचं न्हाई हो, निस्तं पळवायचं हाये!” भागवतनं चौथ्यांदा सांगितलं.

जालन्याला मस्तगडात बंदुकीच्या दुकानात तो सकाळपासून ठाण मांडून बसला होता. समोर काडतुसं, शेजारी मेहुणा बद्रीनाथ. या बद्रीनाथनं जन्मात कधी गोफण फिरवली नव्हती, पण सल्ला द्यायला पहिला नंबर.

“दाजी, मोठ्या छऱ्याचं घ्या. आवाजानंच हरणं पार पसार.”

“अन् त्या आवाजानं म्हैस आटली मंग?”

“मंग बारीक छऱ्याचं घ्या.”

“बारक्या आवाजाला हरणं काय भीक घालतेत?”

तिकडं गावी धावड्यात त्याचा तीन एकर हरभरा वाळून उभा होता. रोज पहाटे हरणांचा कळप यायचा अन् घाटे ओरबाडून जायचा. आठ दिवसांपासून त्याची बायको दैवशाला मागं लागली होती, पीक कापून, सोंगून घ्या म्हणून. पण हा पठ्ठ्या इरेला पेटलेला. आधी हरणांना हिसका, मंग सोंगणी! तोवर शेतात विळा न्यायचा न्हाई, असा वर दम. घरात परवान्याची बंदूक असून हरणांनी पीक खावं, म्हणजे काय अब्रू राहिली?

तिसरा चहा झाला तेव्हा कुठं मधल्या छऱ्याचं पक्कं झालं. दुकानदार अण्णासाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला अन् परवाना मागितला. परवाना उघडला तशी आतून एक पावती काउंटरवर पडली. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसला, परत वाचली.

“भागवतराव, बंदूक तुम्ही इलेक्शनला ठाण्यात जमा केल्ती. परत आणली का?”

भागवतनं पावती हातात घेऊन उलटीपालटी केली. बद्रीनाथ पंख्याकडं बघायला लागला.

मोकळ्या हातानंच मोटारसायकल परत फिरली. ऊन कलल्यावर दोघं शेतावर पोचले. बघतात तर शेत सपाट! एक घाटा शिल्लक न्हाई. भागवत मटकन बांधावर बसला.

“खाल्लं रं देवा, सगळं खाल्लं! मी काडतुसं निवडत बसलो अन् हरणांनी घर बुडवलं माझं!” त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

बाभळीमागून दैवशाला आली. हातात विळा, मागं सोंगणीच्या आठ बाया, अन् त्यांच्या मागं कापलेल्या हरभऱ्याची रचलेली ही मोठी सुडी.

“उठा, रडायचंच तर ताडपत्री आणून रडा, म्हणजे सुडी तरी झाकता येईल,” ती म्हणाली.

भागवतनं डोळे पुसले. सुडीकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. मंग पडेल आवाजात म्हणाला, “अगं, पण बंदूक तर ठाण्यात हाये.”

“मला म्हाईत व्हतं की! म्हणून तर तुम्हाला काडतुसं आणायला जाऊ दिलं.”