मेंढ्यांची झोप

दुष्काळात कुरण जळालं, तेव्हा सरकारने मदत म्हणून चाऱ्याऐवजी झोपेची सुई दिली. धुळाजीच्या चाळीस मेंढ्या तीन वर्षं थंड छावणीत निजल्या. आता माळावर गवत आलं होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यांना उठवलं.

मेंढ्या उठल्या, पण दारातून हलेनात.

"मामा, कुणाची वाट बघतायत या?" बाईंनी विचारलं.

"माझ्या ठकूची. ती हाळी द्यायची, मगच ह्या चालायच्या. ह्यांना वाटतंय, कालच निजलो."

"मग बोलवा ना मामींना."

"तिला जाऊन दोन वर्सं झाली, बाई."

धुळाजीने स्वतःच ठकूसारखी हाळी देऊन पाहिली. मधेच त्याचा आवाज फाटला. तरी एक म्हातारी मेंढी पुढे आली आणि त्याच्या पाठीमागे बघत उभी राहिली.