रंगांची वाटणी

मोराची मान निळी हवी होती. ती राणी रंगात विणली गेली होती.

अंबादासने आपल्या मागावरची ती चादर आईपुढे पसरली. "बघ अम्मा, तुझ्या धाकट्याचं काम. नानांचा निळा घालवला यानं."

गौरम्मा खुर्चीवरून उठल्या नाहीत. पतीच्या, म्हणजे नानांच्या पश्चात कारखान्याची वाटणी त्यांनी स्वतः केली होती. माग निम्मे-निम्मे; नक्ष्या आणि त्यांच्या रंगांची मापे मात्र दोन्ही मुलांकडे पूर्ण. एकाने दुसऱ्याच्या रंगाला हात लावायचा नाही, हा त्यांचा शब्द होता.

नागनाथ दारातच उभा होता. "मी माझ्या मोराचा रंग बदलला, अण्णा. तुझ्या मोराशी मला काय करायचंय?"

"मग माझा आपोआप बदलला व्हय?"

"व्हय, आपोआपच," आरोही म्हणाली. ती अंबादासची मुलगी. दोन्ही कारखान्यांचा संगणकावरचा प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता. "चूक माझी हाय, पप्पा. काकांची न्हाय."

तिने सावकाश समजावले. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक नक्षीच्या नावापुढे तिच्या रंगांचे माप, म्हणजे कुठे कोणता रंग किती, ठेवलेले असते. वाटणीच्या वेळी काकांसाठी तिने त्या साऱ्याची कॉपी केली. पण ती वरवरची झाली. नावे दोन झाली, मापे एकच राहिली. दोन्हीकडचा मोर एकाच ठिकाणचा निळा वाचत होता.

"म्हणजे दारं दोन आणि आत खोली एकच," गौरम्मा म्हणाल्या.

"तसंच, अव्वा," आरोही आजीला म्हणाली.

"काकाला पाठीशी घालालीस," अंबादास म्हणाला. "मशीन कधी चोरी करतंय का?"

"दाखवते की. काका, तुमच्या फोनवर कमळ उघडा."

आरोहीने वडिलांच्या पडद्यावर कमळाची पाकळी पिवळ्याची हिरवी केली. नागनाथच्या हातातल्या फोनवरही ती हिरवी झाली. आरोहीने आशेने वर पाहिले. आता तरी सगळ्यांना पटेल, असे तिला वाटले.

नागनाथचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे हितं बसून माझ्या रंगात हात घालता येतोय तुमाला."

"काका, तसं न्हाय..."

"आत्ता घातलास की! माझ्या डोळ्यांदेखत!"

"आणि तू काय केलास बे?" अंबादास ओरडला.

गौरम्मांनी हात वर केला. त्या हाताकडे कोणी पाहिले नाही.

"एवढा हावरटपणा असेल," नागनाथ म्हणाला, "तर माझं मीच पुसून टाकतो. मग बसा शोधत." तो भिंतीपलीकडच्या आपल्या ऑफिसात शिरला. कडी लागल्याचा आवाज आला. प्रोग्रॅम चालवणारा संगणक त्याच ऑफिसात होता.

आरोही धावली. "काका, पुसू नका! आमचंबी जातंय!" ती दार ठोठावत राहिली. दोन्हीकडे माग सुरू होते. त्या खडखडाटात तिचे तिलाच ऐकू येत नव्हते.

पडद्यावर कमळापुढची जागा रिकामी झाली. मग वेलीपुढची. मग कोयरी. नावे जागच्या जागी होती.

"आरोही, दुसरी कॉपी काढ," अंबादास म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"ती दुसरी कॉपीच होती, पप्पा. तुमचं गेलं तर काकांकडं असेल, काकांचं गेलं तर तुमच्याकडं, असं धरलं होतं मी."

"आणि कागद?"

"संगणकात भरल्यावर तुम्हीच रद्दीत घातले."

गौरम्मा उठल्या. काठी न घेताच त्या दारापर्यंत गेल्या आणि फळीवर तळहात टेकून म्हणाल्या, "नागनाथा, आईचं ऐक रे. एवढं एकदा ऐक." या घरात त्यांनी आजवर कोणालाही विनवले नव्हते.

काही वेळाने कडी निघाली. नागनाथ बाहेर आला, तो बराच शांत झालेला होता. घाम पुसत तो थोरल्या भावापुढे येऊन उभा राहिला.

"झालं. माझ्याकडं आता काय बी न्हाय. तुझं तुला लखलाभ, अण्णा."

अंबादासने आपला पडदा त्याच्याकडे वळवला.