मानेला वारा

लॅपटॉपच्या पडद्यावर राउटरचं तापमान चढत होतं, आणि रुग्णवाहिका केंद्राचं नेटवर्क सांभाळणारी याद्रांका ते बघत होती. वीज ठीक. मेमरी ठीक. दोन पंख्यांपैकी एक बंद. नवा बेलग्रेडहून यायचा होता. आणखी सहा अंश चढले की यंत्र जळू नये म्हणून आपोआप बंद पडणार, आणि त्याबरोबर खोऱ्यातले रुग्णवाहिकेचे सगळे फोनही.

आत्ता एक फोन चालू होता. अंगणातल्या टबात बुडालेलं पोर बापानं नुकतंच बाहेर काढलं होतं, आणि रुग्णवाहिका पोचेपर्यंत त्याची छाती कशी दाबायची, ते शेजारच्या टेबलावर फोन घेणारी नेवेना त्याला सांगत होती.

लॅपटॉप काखोटीला मारून याद्रांका धाडधाड जिना उतरली. खालची राउटरची खोली नुसती भट्टी झाली होती. एसी बंद, खिडकी बंद, फटीत टॉवेल कोंबलेला. देखभाल बघणारे वितोमिरकाका भर ऑगस्टात गळ्याला मफलर गुंडाळून कॉफी पीत बसले होते.

"काका, एसी कुणी बंद केला?"

"मीच. झोत थेट मानेवर येतो गं. अशाच वाऱ्यानं आमचा मेहुणा महिनाभर वाकडा होता. आणि तू घामानं निथळतेयस, दार लाव आधी!"

एरवी तिनं निमूट लावलं असतं. तिची आई बसमध्येसुद्धा खिडकी उघडू देत नसे.

"मान गेली खड्ड्यात!" ती किंचाळली. "हे बंद पडलं तर वर फोन तुटेल. तिकडे पोर मरतंय, काका!"

काकांच्या हातातली कॉफी सांडली. त्यांनी टॉवेल ओढून फेकला, खिडकी उघडली, एसी लावला आणि मफलर सोडून ते त्यानंच राउटरला वारा घालू लागले. उघड्या दारातून नेवेनाचा आवाज येत होता, "दाबा. दाबत राहा. थांबू नका."

आकडा थांबला. मग हळूच एकानं उतरला.

आणि वर नेवेना गप्प झाली.

"तुटला का गं फोन?" काका कुजबुजले.

याद्रांकानं लॅपटॉपचा पडदा पाहिला. राउटर चालू होता. फोन जोडलेला होता. वरून काहीच ऐकू येत नव्हतं. काका तिच्या तोंडाकडे बघत उभे होते.

"तुटला म्हण ना गं," ते म्हणाले.