लाल खुणेचे क्यूब

थिनरची बाटली तिने मुलीच्या डब्याच्या पिशवीत लपवून आणली होती.

लॅबचे शिपाई काका कुलूप उघडायला नऊला यायचे. तिच्याकडे किल्ली होती. पाण्याच्या टाकीतून तिने काँक्रीटचे सहा क्यूब काढले आणि पुसून ओळीने मांडले. तीन लाल खुणेचे, म्हणजे तिचे. तीन निळ्या खुणेचे, हुशाररावांचे.

थिनरच्या बोळ्याने तिने सहाही खुणा पुसल्या. मग निळ्यांवर लाल रंगवली, लालांवर निळी. रंग वाळल्यावर क्यूब परत पाण्यात गेले.

हुशारराव हे लॅबने ठेवलेलं नाव. पीएच.डी.ला तिच्यापेक्षा एक वर्ष पुढे, गाइड तेच सर, विषयही तोच: सिमेंट कमी करून भट्टीची राख वापरायची. राख एकच, फक्त प्रमाण वेगळं. सरांनी महिन्याभरापूर्वी सांगून टाकलं होतं की एका राखेवर दोन माणसं पोसायला लॅब म्हणजे धर्मशाळा नाही. भरल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवशी ज्याचे क्यूब जास्त दाब सोसतील तो राहील, दुसऱ्याने दुसरा गाइड शोधावा. हुशाररावांना दहा मिळाले असते. तिला कोण घेणार? बाळंतपणात दीड वर्ष गेलं होतं, मुदत संपत आली होती.

क्यूब भरले त्याच दिवशी नेमकं पाळणाघर बंद होतं. दोन वर्षांच्या लेकीला तिने स्टुलावर बसवलं आणि एक डोळा तिच्यावर ठेवून साचे भरले. मधेच पोरगी उतरली, टाचा उंचावून आईच्या ओल्या साच्यांवर वाकली. तिने तिला ओढून मागे घेतलं.

"लॅबचं पाळणाघर कधी झालं?" हुशारराव आपले साचे भरता भरता म्हणाले.

सर दारातूनच बोलले, "संशोधन की संसार, एक काहीतरी नीट कर."

घरी गेल्यावर तिला दिसलं, लेकीच्या स्वेटरचं एक बटण गेलं होतं. चार पिवळी बदकं होती, तीन उरली. चौथ्याच्या जागी तिने नवऱ्याच्या शर्टाचं पांढरं बटण लावलं. लेक दोन दिवस त्या बटणाशी बोलली नाही.

त्याच रात्रीपासून लेकीला ताप. दुसऱ्या दिवशी साचे उघडायचे होते. हुशाररावांचा आपणहून फोन आला. "तुझेही उघडतो, खुणा करून टाकीत टाकतो. तू पोरीकडे बघ." दोन वर्षांत त्यांनी तिच्याशी बोललेलं तेवढं एकच चांगलं वाक्य. तिने ते जपून ठेवलं होतं.

सातव्या दिवशी दोघांचे तीन-तीन क्यूब मशीनखाली गेले. निळे सव्वीसच्या दाबाला फुटले, लाल चौदाच्या.

"राख जास्त पडली वाटतं," हुशारराव म्हणाले. "नाहीतर लक्ष कमी पडलं."

तिने सगळं गणित नऊ वेळा तपासलं. लेकीला भरवताना, तिचे केस विंचरताना मनात तेच आकडे. चूक सापडली नाही. आणि अठ्ठाविसावा दिवस उजाडला.

त्या सकाळी खुणा बदलून झाल्या होत्या; अकरा वाजता सर आले. काकांनी आधी निळे क्यूब मशीनमध्ये ठेवले. एकवीस. बावीस. वीस. मग लाल. एक्केचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस. फुटलेले तुकडे काकांनी लाल आणि निळ्या पट्टीच्या ट्रेमध्ये वेगवेगळे ठेवले.

हुशाररावांचा चेहरा सिमेंटसारखा झाला होता.

"सातव्या दिवशी सव्वीस आणि आज एकवीस?" सरांनी त्यांना विचारलं. "तुमचं काँक्रीट उलटं चालतं का?"

तिला वाटलं, आता सर तपासायला लावणार.

"सातव्या दिवसाचे आकडे माझ्याच हातून उलटे लिहिले गेले असतील, सर," हुशारराव खाली बघत म्हणाले. "चूक माझी आहे."

तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, असं त्यांना सुनावून सर तिच्याकडे वळले. मुलीचं नाव विचारलं, वय विचारलं. एकदा घेऊन ये तिला, म्हणाले.

हुशारराव आरडाओरडा करते तर सोपं गेलं असतं. तिच्या पापाचा दोष ते स्वतःच्या अंगावर घेत होते. दुपारचा डबा तिने उघडलाच नाही. तीन वाजता ती सरांच्या खोलीत गेली. हुशारराव तिथेच बसले होते. थिनरपासून सगळं तिने सांगितलं.

सर म्हणाले, "किल्ली ठेव टेबलावर. तुझा राजीनामा मला उद्या हवा. आणि जायच्या आधी तो राडारोडा उचलून जा, काका तुझे नोकर नाहीत."

हुशाररावांनी तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "लेखी तक्रार वगैरे नको, सर. लहान मूल आहे तिच्या पदरात."

ते ऐकून मात्र तिला रडू आलं.

पाळणाघर पाचला सुटलं. लेकीला घेऊन ती परत लॅबमध्ये आली, तिला त्याच स्टुलावर बसवलं आणि घमेलं ओढलं. आधी निळा ट्रे रिकामा केला. हे खरे तिचे, विसाला फुटलेले. एकेक तुकडा उचलताना तिने त्यांच्यावर रागसुद्धा धरला नाही. उरला लाल ट्रे. हे हुशाररावांचे. तिने चोरलेले.

मागे वळून बघते तर लेक स्टुलावरून उतरून लाल ट्रेशी उकिडवी बसली होती आणि एका तुकड्यातून नखाने काहीतरी कोरून काढत होती.

"अगं, हात कापेल. दुसऱ्यांचं आहे ते, ठेव."

"माझं आहे," लेक म्हणाली आणि तुकडा आईपुढे धरला. "माझं बदक."